मालक कोण?

"मालक कोण इथले?" पबमध्ये शेजारच्या बाकावरच्या आजोबांना सहज विचारलं.

"न्यूमन. १९०७ पासून."

जणू एकच माणूस तेव्हापासून खिडकीशी उभा आहे! मधल्या पिढ्या आजोबांच्या हिशेबातच नव्हत्या.

इंग्लंडातल्या डॉर्सेटमधलं वर्थ मॅट्रॅव्हर्स हे गाव, आणि पब 'स्क्वेअर अँड कंपास'. गुण्या आणि कंपास ही इथल्या खाणींतल्या पाथरवटांची हत्यारं. आत नेहमीसारखं काउंटर नाही. अरुंद बोळातल्या खिडकीतून सायडर (सफरचंदाची दारू) आणि गरम पेस्टी (सारण भरलेली भाजलेली करंजीच) मिळते. बाजूच्या खोलीत चक्क जीवाश्म मांडलेत, न्यूमन घराण्यानेच जमवलेले. (पेस्टी खात डायनोसॉरची हाडं बघायची, हे इंग्रजांनाच सुचावं.)

इंग्लंडात १५५२ च्या कायद्याने बिअर विकायला न्यायाधीशांचा परवाना सक्तीचा झाला. पुढे परवानेदाराचं नावही दारावर रंगवावं लागे. २००५ मध्ये नवा कायदा लागू झाला आणि ती सक्ती गेली. आता कितीतरी पब मोठ्या कंपन्यांचे आहेत, चालवणारा नुसता भाडेकरू. परवडेनासं झालं की तो जातो, दुसरा येतो.

इंग्लंडात राहणाऱ्यांनो, तुमच्या कोपऱ्यावरचा पब कुणाचा आहे, सांगता येईल?