दोन विंडो शेजारी-शेजारी: आधी रुंदीचा हिशेब

डावीकडे पीडीएफ, उजवीकडे वर्ड. भाषांतर करणारे, मुद्रितशोधन करणारे, हिशेब जुळवणारे या सगळ्यांचे काम या मांडणीवर चालते. विंडोज ११ मध्ये ती जमवायला दोन सेकंद पुरतात. एका विंडोत क्लिक करून विन की (विंडोजचे चिन्ह असलेली) दाबून ठेवा आणि डावा बाण दाबा. विंडो डाव्या अर्ध्यात बसते आणि उरलेल्या अर्ध्यात बाकीच्या उघड्या विंडोंची छोटी चित्रे दिसतात. हवी त्यावर क्लिक केले की झाले.

इथपर्यंत बहुतेकांना येते. अडते ते पुढे: वेबसाइटचा मेनू गायब होतो, वर्डचे पान कापले जाते आणि तीन विंडोंची मांडणी यादीतच दिसत नाही. तिन्हींच्या मुळाशी रुंदी आहे.

१९२० × १०८० चा लॅपटॉप घेतला म्हणून १९२० पिक्सेल वापरायला मिळतात असे नाही. अक्षरे वाचता यावीत म्हणून बहुतेक लॅपटॉपवर स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरचे सगळे मोठे करून दाखवण्याचे प्रमाण, १२५ किंवा १५० टक्के असते. १२५ टक्क्यांना प्रत्यक्ष हिशेबाची रुंदी १५३६ उरते, १५० ला १२८०. म्हणजे अर्धी विंडो ७६८ किंवा ६४०. जुन्या १३६६ × ७६८ स्क्रीनवर, स्केलिंग १०० असताना, ती ६८३ येते. आता शंभर टक्के झूमवर ए-फोर पानाची रुंदी पाहा: सुमारे ७९४ पिक्सेल. यातल्या कुठल्याच अर्ध्यात ते मावत नाही. वर्डमध्ये ‘व्ह्यू’ टॅबवर ‘पेज विड्थ’ दाबा, पान विंडोच्या मापाचे होते.

वेबसाइटचेही तसेच. अनेक साइट ७६८ च्या आसपास मोबाइलचे रूप घेतात, मेनू तीन आडव्या रेघांमध्ये जातो आणि तक्ते एकाखाली एक रचले जातात. साइट बिघडलेली नसते, तिला आपण फोनवर आहोत असे वाटत असते. कंट्रोल आणि उणे चिन्ह दाबून झूम ८० टक्क्यांवर आणा. ७६८ ची जागा साइटला ९६० वाटते आणि डेस्कटॉपचे रूप परत येते. अक्षर थोडे बारीक होते, तेवढे सोसावे लागते.

तीन उभ्या विंडोंचा पर्याय विंडोज ११ देते तो हिशेबाची रुंदी किमान १९२० असेल तरच. विन आणि झेड दाबल्यावर, किंवा मॅक्सिमाइझच्या चौकोनावर माउस थांबवल्यावर मांडण्यांचा तक्ता उघडतो. १२५ टक्के स्केलिंगच्या लॅपटॉपवर त्यात तीन रकाने शोधत बसू नका. पंधरा इंचांवर तिसरी विंडो कोंबण्यात तसाही अर्थ नाही.

निम्मे-निम्मे हे तर माझ्या मते सगळ्यात आळशी विभाजन आहे. ज्यात लिहायचे ती विंडो मोठी हवी, संदर्भाची लहान चालते. दोन्ही बसल्यावर मधल्या सीमेवर माउस नेला की दुतोंडी बाण येतो. तो ओढला की एक वाढते, दुसरी तेवढीच घटते. एक विंडो तिथून उचलून हलवली, तर मात्र जोडी सुटते.

(१९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये विंडो एकमेकींवर चढतच नसत, शेजारी-शेजारीच बसत. एकीवर एक ठेवण्याची सोय १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. आता आपण पुन्हा त्या शेजारावर आलोय.)

एक्सेलमध्ये एकाच फाइलची दोन शीट एकत्र पाहायची असतील तर फाइलची प्रत काढू नका, नंतर कोणती खरी हे कळत नाही. ‘व्ह्यू’मधले ‘न्यू विंडो’ दाबा. तीच फाइल दुसऱ्या विंडोत उघडते, एकीत केलेला बदल दुसरीत लगेच दिसतो. दोन वेगळ्या फाइली जुळवायच्या असतील तर ‘व्ह्यू साइड बाय साइड’ दाबा. त्यासोबत ‘सिंक्रोनस स्क्रोलिंग’ सुरू होते आणि दोन्ही एकत्र सरकतात. फक्त, सुरुवातीला एक पाचव्या ओळीवर आणि दुसरी नवव्या ओळीवर असेल, तर तो चार ओळींचा फरक शेवटपर्यंत राहतो. एकत्र सरकणे बंद करा, ओळी समोरासमोर आणा, मग पुन्हा सुरू करा. २०१० पर्यंतच्या एक्सेलमध्ये दोन्ही फाइली एकाच मोठ्या चौकटीत उघडत, त्यामुळे बाणांची युक्ती तिथे चालत नाही. २०१३ पासून प्रत्येक फाइलची विंडो स्वतंत्र आहे.

मराठी टंकणाऱ्यांचा त्रास वेगळाच. उजवीकडे वर्डमध्ये मराठी, डावीकडे एक्सेलमध्ये इंग्रजी. विन आणि स्पेसबारने कीबोर्ड बदलला की तो सगळीकडे बदलतो, आणि एक्सेलमध्ये सूत्र लिहायला जावे तर देवनागरी अक्षरे उमटतात. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, मग ‘टायपिंग’, मग ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ उघडा. तिथे प्रत्येक ॲपच्या विंडोसाठी वेगळी इनपुट पद्धत वापरू देणारा पर्याय आहे, त्यावर खूण करा. मग एक्सेल इंग्रजीत राहते, वर्ड मराठीत.

पीडीएफ सरकवण्यासाठी तिच्यात क्लिक करायचीही गरज नाही. माउस नुसता तिच्यावर नेऊन चाक फिरवा, कर्सर वर्डमध्येच राहतो. तसे होत नसेल तर माउसच्या सेटिंग्जमध्ये ‘स्क्रोल इनॲक्टिव्ह विंडोज’ने सुरू होणारा पर्याय बंद असेल, तो चालू करा.

दुसरा मॉनिटर असेल तर विन, शिफ्ट आणि बाण दाबून विंडो पलीकडे पाठवता येते. मॉनिटर काढल्यावर एखादी विंडो टास्कबारवर दिसते पण स्क्रीनवर येत नाही, तेव्हा ती नसलेल्या स्क्रीनवर अडकलेली असते. टास्कबारवरून ती निवडा, ऑल्ट आणि स्पेसबार दाबा, मग एम, मग कुठलाही एक बाण. त्यानंतर माउस हलवा. विंडो त्याला चिकटून येते, जागा मिळाली की क्लिक करून सोडा.