तीन बत्तीचा चढ आणि माझी ‘ऑटोमॅटिक’ गाडी

वाळकेश्वर रोडच्या चढावर, तीन बत्तीच्या जरा अलीकडे, माझी गाडी मागे गेली. फार नाही, हातभर. पण मागे काळीपिवळी उभी होती आणि तिच्यात-माझ्यात अंतर होतं वीतभर. हिशेब तुम्हीच करा.

टॅक्सीवाले काका खाली उतरले. मी मनातल्या मनात पाकिटात किती पैसे आहेत ते मोजत होते. त्यांनी वाकून दोन्ही बंपर पाहिले, माझ्या नंबरप्लेटखालची धूळ अंगठ्याने पुसली आणि म्हणाले, “काय नाय झालं. पण ताई, हँडब्रेक कशाला दिलाय गाडीला?”

“अहो, ऑटोमॅटिक आहे ही.”

“मग? चढाला ठावं हाय व्हय ते?”

तेवढ्यात मागचे हॉर्न सुरू झाले. काका गेले, प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

मी बावीस वर्षं साधी गिअरची गाडी चालवली. मुलुंडहून वाळकेश्वरला आईकडे, ईस्टर्न एक्सप्रेसवर सायनपर्यंत क्लच दाबत दाबत. मग डावा गुडघा कुरकुरायला लागला आणि लेकाने हट्टाने चार वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक शोधून आणली. विकणाऱ्याने सांगितलं, “मॅडम, आता फक्त ब्रेक आणि ॲक्सिलरेटर.” डावा पाय रिकामा झाला या आनंदात तो काय काय काम करत होता हे मी विसरूनच गेले. चढावर अर्धा क्लच धरून गाडीला जागच्या जागी तोलून धरणं, हे त्याचं काम. आता ते कोण करणार, हा प्रश्न घेताना कुणालाच पडला नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये पहिलं उत्तर मिळालं, “एएमटीत हे होतंच, मॅडम.” एएमटी म्हणजे माझ्या ऑटोमॅटिकची जात, हे तेव्हाच कळलं. माझा पारा चढला तेव्हा कुठे त्यांनी लॅपटॉप जोडला. क्लच अजून शाबूत आहे म्हणाले. त्याचं कॅलिब्रेशन करून दिलं, म्हणजे क्लच नेमका कुठे पकडतो हे गाडीच्या कॉम्प्युटरला नव्याने शिकवलं. गाडी सुटताना बसणारा झटका खरंच कमी झाला. बिलही झालं. आणि आमच्या सोसायटीच्या तळघरातून वर येणाऱ्या रॅम्पवर ती पुन्हा मागे आली.

मग मी माझा शहाणपणा केला. ब्रेक सोडायचा आणि ॲक्सिलरेटर हलकासा दाबून गाडीला चढावर टांगून ठेवायचं. जमायचं की छान! आठवडाभराने त्याच रॅम्पवर, पुढे कोणीतरी गाडी वळवत असताना, जळका वास आला. ब्रेक लायनिंग आणि करपलेलं रबर यांच्या मधला, नाकात बसणारा.

शेवटी गल्लीतल्या गॅरेजमध्ये गेले. हे मी आधीच करायला हवं होतं, पण लेकाचा अशा गॅरेजवर विश्वास नाही. तिथल्या दादांनी वास ऐकूनच कपाळाला हात लावला. “काकू, क्लचची भाकरी करताय तुम्ही!” मग दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरून मला सगळं दाखवलं.

ही गाडी आतून साध्या गिअरचीच असते. तोच गिअरबॉक्स, तोच एक कोरडा क्लच. फक्त तो दाबायला पायाऐवजी मशीन आणि त्या मशीनला हुकूम द्यायला कॉम्प्युटर. 2014मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून हा प्रकार आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांत आला. माझी गाडी दुसऱ्या कंपनीची, पण जात तीच. ब्रेक दाबून उभं राहिलं की क्लच सुटलेला असतो, म्हणजे इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटलेला. ब्रेकवरून पाय उचलला की मशीन क्लच पकडायला जातं, पण पुरता जोर यायला क्षण-दोन क्षण लागतात. सपाट रस्त्यावर ते कळतही नाही. चढावर त्या क्षणांत गाडी मागे येते. आणि ॲक्सिलरेटरवर धरून ठेवली की दादांचे दोन तळवे एकमेकांवर घासत राहतात. त्यांनी घासून दाखवलं, माझ्या गालाला लावलं असतं तर चटका बसला असता.

“मग लेकाच्या मित्राची का येत नाही मागे?” मी विचारलं. त्याचीही ऑटोमॅटिकच, पण टॉर्क कन्व्हर्टरवाली. तिच्यात इंजिनाचा जोर तेलातून चाकांकडे जातो, त्यामुळे उभी असतानाही ती सतत पुढे ढकलत असते. चढ फारच उभा असेल तर तीही मागे येऊ शकते, हे दादांनी आवर्जून सांगितलं. काही गाड्यांत हिल होल्ड असतं, ते ब्रेक सोडल्यावरही दोनेक सेकंद ब्रेकचा दाब तसाच धरून ठेवतं. माझ्या गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये ते आहे. माझ्यात नाही. अर्थातच.

उरला हँडब्रेक. तो ओढला तर आठ खटक्यांनंतर कुठे लागत होता. केबल ढिली पडली होती. दादांनी ती ताणून पाच खटक्यांवर आणली.

पुढचे तीन रविवार सकाळी सहाला मी मुलुंडच्याच योगी हिल्सच्या चढावर. लेक शेजारी, डोळ्यांत झोप. पायाचा ब्रेक दाबून थांबायचं, हँडब्रेक ओढायचा, त्याच्या टोकाचं बटण अंगठ्याने दाबून धरायचं. मग पायाचा ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर हळूच द्यायचा आणि वाट पाहायची. ही वाट पाहणंच अवघड. पहिल्या दिवशी मी दर वेळी हँडब्रेक घाईने सोडला आणि दर वेळी मागे आले. क्लचने पकडलं की इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, गाडी मागून खाली बसते आणि बॉनेटचं नाक बोटभर वर येतं. पुढची चाकं ओढतात, मागची हँडब्रेकने धरलेली असतात, म्हणून. ते नाक दिसलं की सोडायचं. बावीस वर्षं हे मला तळपायाला कळत होतं, आता डोळ्यांनी शिकावं लागलं.

“आई, आला, आला, आता सोड!” लेक ओरडायचा. आला म्हणजे क्लच. वरून जाणारे मॉर्निंग वॉकवाले वळून बघायचे.

गेल्या शनिवारी आईकडे निघाले. चौपाटी मागे पडली, चढ लागला आणि नेमकी तीन बत्तीच्या अलीकडेच रांग थांबली. आरशात पाहिलं, एक पांढरी अवाढव्य गाडी पाठीला चिकटलेली. तिचे दिवेच दिसत नव्हते, इतकी जवळ. हँडब्रेक ओढला. पुढची गाडी हलली. ॲक्सिलरेटर, आवाज जड झाला, नाक वर आलं, सोडला. तसूभरही मागे नाही. तीन वेळा थांबले, तीन वेळा सुटले. पांढऱ्या गाडीतल्या माणसाला यातलं काहीही कळलं नसेल, तो फोनवर बोलत होता.

आईच्या गेटपाशी वॉचमन मागच्या चाकाकडे वाकून बघायला लागला. “मॅडम, वास येतोय.”

हँडब्रेकचा एक खटका वरच राहिला होता.