दांडिया बाजारातला दुसरा राउटर

परवा संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या काकांचा फोन, "अरे तुझं ते लिनक्स काढून टाक बाबा, सकाळी नेट चालतं न् संध्याकाळी गायब." कॉम्प्युटर जुना, जानेवारी 2020 मध्ये विंडोज 7 चा सपोर्ट संपला तेव्हा मीच त्याच्या जागी मिंट नावाचं लिनक्स टाकून दिलं होतं, त्यामुळे तेव्हापासून घरात पंखा जरी बिघडला तरी दोष माझ्या लिनक्सचा.

गेलो. काकूंनी लिलो चेवडो पुढे ठेवला, काका खुर्चीमागे उभे. केबल लागलेली, कनेक्टेड दिसतंय, पण एक साइट उघडेल तर शपथ. गूगलच्या 8.8.8.8 ला पिंग मारला, म्हणजे "आहेस का?" विचारलं, उत्तर नाही, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या नुसत्या डीएनएसचा घोळ नव्हता. मग आयपी रूट ही कमांड टाकली तर गेटवे, म्हणजे नेटवर जायचा दरवाजा, म्हणून 192.168.0.1! आता काकांचा राउटर मीच बसवलाय, तो 192.168.1.1 वर आहे, पाठ आहे मला. मग हा शून्यवाला कोण? ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला तर भलत्याच कंपनीचं लॉगिन पान.

"काका, घरात नवीन डबा आणलाय का कोणी?"

"छे!"

आतून काकू, "अहो, तो वरचा पुतण्या नाही का, गेल्या आठवड्यात वायर ओढून घेऊन गेला..."

वर गेलो तर पोराने खालून आलेली केबल आपल्या राउटरच्या पिवळ्या लॅन पोर्टात खुपसलेली, जो घरातले कॉम्प्युटर जोडायला असतो. म्हणजे एकाच नेटवर्कवर आयपी पत्ते वाटणारे दोन डीएचसीपी, जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घ्यायचा, आणि ह्या वरच्या राउटरचा मिळाला की गेटवेपण हाच, ज्याला पुढे रस्ताच नाही. दिवसा पोरगा क्लासला जाताना राउटरचं बटण बंद करून जातो म्हणून सकाळी सगळं छान. "पण माझा मोबाईल तर चालतोय," तो म्हणे. चालणारच रे, तुला नशिबाने खालच्या राउटरने आयपी दिलाय.

केबल काढून बाहेरचं नेट आत घेणाऱ्या निळ्या वॅन पोर्टात लावली, खाली येऊन कनेक्शन एकदा बंद-चालू केलं, 192.168.1.7 आला, नेट सुरू.

काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. "म्हणजे लिनक्सचं काही नव्हतं?"

"नाही हो काका."

"हं. विंडोजला आधीच कळलं असतं."