जागा तुमची आहे का?

आमच्या मराठी शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एरवी दोनच विषय असतात. आज खाऊ कोणाकडे, आणि कोणाच्या तरी मुलाचा हरवलेला डबा. मागच्या वर्षी नोव्हेंबरात एका रविवारी रात्री तिथे लैंगिक गुन्हेगारांच्या यादीतल्या एका माणसाचा फोटो येऊन पडला. खाली लाल ठिपका असलेला नकाशा आणि एका बाबांची ओळ: ‘शाळेपासून अर्ध्या मैलावर! कमिटी झोपली आहे का?’

कमिटी म्हणजे आम्ही सहा जण. मध्य न्यू जर्सीत एका सरकारी शाळेच्या पाच खोल्या आणि कॅफेटेरिया आम्ही भाड्याने घेतो. रविवारी दहा ते साडेबारा बाराखडी, गोष्टी आणि गणपतीच्या आधी आरत्या. दुसऱ्या दिवशीच्या झूम कॉलवर मी फक्त एवढंच विचारलं, ‘पण हा नकाशा आला कुठून?’ झालं. ज्याने विचारलं त्यानेच शोधायचं, हा कमिटीचा अलिखित नियम आहे.

नकाशा आला होता एका खासगी वेबसाइटवरून. अशा बऱ्याच साइट आहेत. सरकारी माहिती कधीतरी उचलतात, शिळी झाली तरी तशीच ठेवतात आणि ‘पूर्ण रिपोर्ट हवा तर कार्ड नंबर द्या’ म्हणतात. न्यू जर्सी स्टेट पोलिसांची लैंगिक गुन्हेगारांची रजिस्ट्री, म्हणजे सरकारी यादी, फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. सुरुवातीला अटींचं पान येतं, ते मान्य केलं की नाव, गाव, झिप कोड घालून शोधता येतं. मी शोधलं. तो माणूस कधीच दुसऱ्या काउंटीत राहायला गेला होता. लाल ठिपक्याच्या घरात आता भलतंच कुटुंब राहत असणार, आणि तेवढ्यात आमच्याच ग्रुपवर कोणीतरी विचारत होतं की लॉबीत पोस्टर लावायचं का!

ते अटींचं पान वाचा, हे मी आता सगळ्यांना सांगते. या माहितीचा वापर करून कोणाला त्रास दिला, धमकावलं, तर तो गुन्हा आहे. रजिस्ट्रीत नाव आहे म्हणून घर, कर्ज, विमा नाकारायलाही न्यू जर्सीच्या कायद्यात बंदी आहे. पोस्टरवाल्या बाबांना मी तो परिच्छेद पाठवला. त्यांनी अंगठ्याचा इमोजी टाकला आणि गप्प झाले.

इथपर्यंत सगळं एका संध्याकाळचं काम. मग मीच ते पान खालपर्यंत वाचलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

आमच्याकडे यादीतल्या माणसांचे तीन टियर असतात. टियर वन म्हणजे पुन्हा गुन्हा करण्याचा धोका कमी, टू म्हणजे मध्यम, थ्री म्हणजे जास्त. कोण कुठल्या टियरमध्ये हे सरकारी वकील एका ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देऊन सुचवतात, आणि त्या माणसाला कोर्टात हरकत घेता येते. टियर वनची माहिती फक्त पोलिसांकडे. टियर थ्री असेल तर आसपासच्या घरांना पोलिस दारात येऊन कळवतात. इंटरनेटवर दिसतात ते टियर थ्रीचे आणि टियर टूमधले काही. म्हणजे ‘आपल्या झिप कोडमध्ये कोणीच नाही’ याचा अर्थ तेवढाच घ्यायचा की इंटरनेटवर कोणी नाही.

मात्र टियर टूची सूचना परिसरातल्या शाळा, पाळणाघरं, उन्हाळी शिबिरं आणि ‘नोंदणीकृत सामाजिक संस्था’ यांना मिळते. नोंदणी करायची काउंटी प्रॉसिक्युटरच्या, म्हणजे जिल्हा सरकारी वकिलांच्या ऑफिसात. मी उत्साहात ग्रुपवर लिहून टाकलं, ‘आपण नोंदणी करून टाकू, एका फॉर्मचं काम आहे.’ ते वाक्य पुढे तीन महिने मला ऐकवण्यात आलं.

फॉर्म दोन पानांचा. संस्थेचं नाव, मुलांची वयं, वेळ, संपर्काची व्यक्ती. आणि मग तो प्रश्न: मुलं जिथे जमतात ती जागा तुमच्या मालकीची आहे की तुम्ही चालवता?

मालकीची नाही. चालवतो का? शाळा चालवतो. इमारत चालवत नाही. इमारतीतला हीटरसुद्धा रविवारी कस्टोडियन, म्हणजे इमारत सांभाळणारा माणूस, आला तरच चालतो. मी ‘भाड्याने’ असं बाजूला लिहिलं, पत्ता आमच्या अध्यक्षांच्या घराचा घातला, कारण संस्थेचा नोंदलेला पत्ता तोच आहे, आणि पाठवून दिलं.

बारा दिवसांनी परत. शेरा: राहत्या घराचा पत्ता चालणार नाही.

बरोबर आहे, चूक माझी. मुलं काही अध्यक्षांच्या दिवाणखान्यात जमत नाहीत. शाळेच्या इमारतीचा पत्ता घालून पुन्हा पाठवलं. या वेळी पंधरा दिवस काहीच नाही. फोन केला तर मेलबॉक्स भरलेला. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी एक फोन, जेवणाच्या सुट्टीत एक. एका गुरुवारी चक्क माणसाने उचलला. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘या पत्त्याची नोंद आमच्याकडे आधीच आहे. स्कूल डिस्ट्रिक्टची. त्यामुळे तुम्ही कव्हर्ड आहात.’ (स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारं खातं.)

मी म्हटलं, ‘म्हणजे सूचना आली तर आम्हाला कळेल?’

‘शाळेला कळेल.’

‘शाळा आम्हाला सांगेल?’

‘नाही. त्यांना सांगता येणार नाही.’

‘रविवारी त्या शाळेचं कोणीच नसतं. कस्टोडियन सोडून.’

‘कव्हर्ड आहात,’ बाई पुन्हा म्हणाल्या. आवाज चढला तो फक्त माझा, हे कबूल करते.

इथे साताऱ्याची आठवण आली. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नोंद करायला बाबांनी तलाठ्याकडे इतक्या फेऱ्या मारल्या की चावडीसमोरचा चहावाला त्यांना न विचारता कमी साखरेचा द्यायला लागला. अमेरिकेत असं नसतं, हे मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. इथे चहावाला नसतो, एवढाच फरक.

तो प्रश्न फॉर्ममध्ये का आहे ते मी रागाच्या भरात शोधून काढलं, आणि ते वाचल्यावर राग थोडा उतरला. १९९४च्या जुलैत हॅमिल्टन टाउनशिपमध्ये, आमच्यापासून फार लांब नाही, मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीचा समोरच्या घरातल्या माणसाने खून केला. कुत्र्याचं पिल्लू दाखवतो म्हणून बोलावलं होतं. त्याला आधी दोनदा मुलांवरच्या अत्याचारासाठी शिक्षा झालेली होती आणि ते तिच्या आईवडिलांना माहीत नव्हतं. साधारण तीन महिन्यांनी, ३१ ऑक्टोबरला, न्यू जर्सीत कायदा झाला. १९९६ मध्ये तोच विचार देशभर लागू झाला. पण १९९५ मध्येच तो न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टात गेला होता. कोर्टाने कायदा टिकवला, मात्र टियर टूची सूचना सरसकट कोणालाही द्यायची नाही असं बजावलं. ज्या संस्थेची स्वतःची किंवा ती चालवत असलेली जागा आहे आणि तिथे मुलं तिच्या देखरेखीखाली जमतात, किंवा जिथे ती स्त्रियांची काळजी घेते, अशाच संस्थांना. म्हणजे फॉर्ममधलं ते आडमुठं वाक्य कोणा कारकुनाच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. त्या निकालातून आलं होतं. उद्या चार शेजाऱ्यांनी ‘आमचं मंडळ’ म्हणून अर्ज केला तर त्यांना यादी मिळू नये, म्हणून.

कारण पटलं, तरी आमचा अर्ज अडकलेलाच होता. मग मी ठरवलं की ‘चालवतो’ हे कागदावर सिद्ध करायचं. डिस्ट्रिक्टकडून इमारत वापरण्याचं परमिट आमच्याकडे आहे, विम्याचं प्रमाणपत्र आहे, पण परमिटवर लिहिलं होतं ‘सांस्कृतिक कार्यक्रम’. कधीकाळी कोणीतरी दिवाळीच्या कार्यक्रमासाठी भरलेला अर्ज दरवर्षी तसाच पुढे ढकलला गेला होता. ऑफिस म्हणणार, सांस्कृतिक कार्यक्रमाला मुलं आईवडिलांबरोबर येतात, तुमच्या देखरेखीखाली कुठे येतात? (तुमची अशी रविवारची शाळा, बालविहार, क्रिकेटचे वर्ग काही असेल तर आज रात्रीच परमिट काढून बघा त्यावर काय लिहिलंय.)

परमिट बदलायला डिस्ट्रिक्टच्या बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची सही. ते ख्रिसमसच्या सुट्टीवर. मग ऑडिट. मग बर्फ पडलं आणि दोन दिवस शाळाच बंद. जानेवारी संपता संपता नवं परमिट आलं: ‘मुलांचे साप्ताहिक भाषावर्ग’, वेळेसकट, खोल्यांच्या नंबरांसकट. मी ते फ्रेम करून लावणार होते.

या वेळी पोस्टाने पाठवलं नाही. अर्धा दिवस रजा टाकून स्वतः गेले. खाली मेटल डिटेक्टर, वर खिडकी, खिडकीत फोनवरच्या त्याच बाई. आवाजावरून ओळखलं. त्यांनीही मला ओळखलं असावं, कारण त्या लगेच आत गेल्या आणि एका डिटेक्टिव्हला घेऊन आल्या. तो चाळिशीचा, हातात कॉफी. परमिट वाचलं, विचारलं, ‘दरवाज्यावर कोण उभं असतं? मुलांची हजेरी कोण घेतं? मूल घ्यायला कोण आलं हे कोण बघतं?’ आम्ही, आम्ही, आम्ही. ‘मग त्या अडीच तासांत जागा तुम्हीच चालवता,’ म्हणाला, माझ्याच फॉर्मवर पेनाने एक चौकट भरली आणि शेजारी आद्याक्षरं केली.

दहा मिनिटं. अकरा आठवडे आणि दहा मिनिटं. गाडीत बसून मी आधी आईला फोन लावला, साताऱ्यात रात्रीचे अकरा वाजले होते.

डिटेक्टिव्हने एक गोष्ट मात्र उभ्या उभ्या नीट समजावली. सूचना आली तर ती मुलांवर देखरेख करणाऱ्या शिक्षक-स्वयंसेवकांपुरती. पालकांना नाही, ग्रुपवर नाही, फोटो काढून तर नाहीच. तसं सहीनिशी मान्य करावं लागतं. संपर्काची व्यक्ती निवडताना ज्याच्या पोटात गोष्ट राहते त्याचं नाव द्या. आमच्या कमिटीत त्यावर फार चर्चा झाली नाही, फॉर्मवर माझंच नाव होतं.

आणखी एक राहिलं. स्वयंसेवकांची नावं आम्ही राष्ट्रीय साइटवरही घालून बघितली. अमेरिकेच्या न्याय खात्याची आहे, ड्रू शोडीन या तरुणीच्या नावाची, आणि सगळ्या राज्यांच्या याद्या एकदम शोधते. कुलकर्णी, देशमुख, पाटील घातलं की काही येत नाही. पण गोष्टी सांगायला येणारे आमचे एक काका वसईचे, कॅथलिक. त्यांचं नाव-आडनाव घातलं तर वेगवेगळ्या राज्यांतले सात-आठ जण आले. मला घाम फुटला. एकेक नोंद उघडून फोटो आणि वय बघितलं, एकही ते नव्हते. काकांना सांगितलं तेव्हा ते हसले, ‘पोर्तुगीजांनी आडनावं वाटली ती ब्राझीलपर्यंत वाटली, बाय.’ हसले खरे, पण मला वाईट वाटलं. नुसतं नाव जुळलं म्हणून काहीही ठरवू नका. आणि नाव आलं नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. मुलांवर अत्याचार करणारे बहुतेक वेळा त्यांच्या ओळखीतलेच असतात, आणि त्यातल्या बहुतेकांचं नाव कुठल्याच यादीत नसतं. आमच्या शाळेत त्यानंतर बदललं ते हे: एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत नाही, बाथरूमला दोन मुलं जोडीने, दार उघडं. याला फॉर्म लागला नाही. हे आधीच करायला हवं होतं.

पुण्याच्या वहिनीने फोनवर विचारलं, आपल्याकडे अशी साइट कुठे बघायची? बघता येत नाही. भारतात २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आहे, एनसीआरबीकडे, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोकडे, पण ती फक्त पोलिस आणि तपास यंत्रणांना उघडते. सोसायटीत कोणाला कामावर ठेवायचं तर पोलिस पडताळणी हाच रस्ता. ‘बरंच आहे,’ वहिनी म्हणाली, ‘आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती यादी आली असती तर दुसऱ्या दिवशी मारामारी.’ मला आमच्या लॉबीत लागता लागता राहिलेलं पोस्टर आठवलं, मी काही बोलले नाही.

आता दर रविवारी दारात त्या पोस्टरवाल्या बाबांची गाठ पडते. मुलाच्या हातात डबा देता देता हळूच विचारतात, ‘काही आलं का?’

‘सांगता येत नाही.’

‘म्हणजे आलं?’

‘म्हणजे सांगता येत नाही.’

ते हिरमुसून जातात. घरी नवऱ्यालाही हेच उत्तर मिळतं. तोही हिरमुसतो, शिवाय भांडी घासताना जास्त आवाज करतो.

परमिट जूनपर्यंतचंच होतं. सप्टेंबरचं नवीन अजून सहीला आहे, आणि या वेळच्या मसुद्यात कोणीतरी पुन्हा ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ लिहून ठेवलंय. उद्या सकाळी पहिला फोन.