ओढ्याकाठची रोपं : दुसऱ्या उन्हाळ्याची नोंद

पुरंदरमध्ये आमच्या शेताच्या कडेच्या ओढ्याची दरड पावसात ढासळली, तिथल्या 60 फुटांच्या पट्ट्यात गेल्याच्या गेल्या जुलैत लागवड केली होती. तळाशी वाळुंज आणि वाळा, उतारावर करंज आणि निर्गुडी, वर सपाटीला अर्जुन, उंबर.

ओढ्याकाठच्या झाडांना वरून पाणी कशाला, असं भेटेल तो विचारतो. आमचा ओढा जानेवारीतच आटतो. ओल वाळूखाली असते, पण कोवळ्या रोपाचं मूळ तिथवर गेलेलं नसतं. ते जाईपर्यंत रोप जगवायचं, एवढ्यासाठीच हे पाणी.

पहिल्या उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी आळ्यात तांब्याभर पाणी घालत होतो. मे महिन्यात वाळलेला एक करंज उपटला, तर मुळांचा सगळा गुंता वरच्या चार बोटांत आणि खालची माती कोरडी ठणठणीत. वरच्यावर पाणी मिळत असताना मूळ खाली जाईलच कशाला?

म्हणून या वर्षी 2 इंची पीव्हीसी पाइपचे 2 फुटी तुकडे केले. खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडली, रोपापासून वीतभर अंतरावर, चढाच्या अंगाला, पहारीनं भोक पाडून पुरले. तोंडाला जाळी हवीच, नाहीतर सरडे आत पडतात. पाणी प्रत्येकी 5 लिटर, पण दोन-तीन दमात, सावकाश. भसाभस ओतलं तर दरडच भिजून खाली बसते. एका कोपऱ्यात ते झालंय. डिसेंबरात चार दिवसांआड, मग आठ, आता बारा. पाणी तेवढंच, फक्त मधला खंड वाढवत नेतो. अर्जुन-उंबराला मात्र गळ्यापर्यंत पुरलेली, रंग न लावलेली, साधी कुंभाराची मडकी ठेवलीत. ती झिरपत राहतात.

वाळुंजाला पाइप लागलाच नाही. अंगठ्याएवढ्या जाड, 3 फुटी काड्या पावसाळ्यात दोन फूट खोल ठोकल्या होत्या, त्यांनी ओल आपली आपण गाठली. निर्गुडीला शेळ्यांनी तोंड लावलं नाही, म्हणून आतल्या करंजालाही आडोसा मिळाला.

परवा एक पाइप हलकेच उपसला. भोकांतून पांढरी, केसासारखी मुळं आत आली होती, तळाच्या भोकांत सगळ्यात जास्त. तसाच परत बसवला. वाळुंजाचं तर वरचं पाणीही एप्रिलपासून पूर्ण बंद आहे आणि पानं हिरवीगार आहेत.