तुम्ही विचारलंत म्हणून: नात्तो कसा लागतो?

सुट्टीत जपानहून पुण्याला आलो की कोणीतरी विचारतंच, "अहो, तो तार सुटलेला सोयाबीन तुम्ही खरंच खाता? पहिल्यांदा खाल्लात तेव्हा कसा लागला?" मी हसून विषय बुलेट ट्रेनवर नेतो. आज नीट सांगतो.

पहिल्यांदा तो लागलाच नाही. चवीपर्यंत मी पोचलोच नव्हतो.

तोक्योत येऊन चौथा दिवस. हॉटेलात नाश्त्याला भात, भाजलेला मासा, मिसो सूप, लोणचं आणि थर्माकोलची एक चपटी डबी. मी शाकाहारी, त्यामुळे मासा बाद. सुपात माशाचा अर्क असतो हे इथे जुन्या झालेल्या एका वहिनींनी आधीच बजावलं होतं. डबीवर दाण्यांचं चित्र होतं. म्हटलं, चला, उसळ दिसतेय.

झाकण उघडून आतला प्लास्टिकचा पापुद्रा उचलला, तर त्याच्याबरोबर शेकडो तारा वर आल्या. वास सांगू? मटकी मोड आणायला फडक्यात बांधून ठेवावी, विसरून दोन दिवस गावाला जाऊन यावं, आणि मग फडकं सोडावं. तोच. काड्यांनी चार दाणे उचलले. तारा डबीपासून हनुवटीपर्यंत आणि तिथून शर्टाच्या गुंडीपर्यंत. डाव्या हाताने मी त्या मांजासारख्या गुंडाळत बसलो. दाणे चावले नाहीत, गोळीसारखे गिळले.

पलीकडच्या टेबलावर एक आजोबा तोच पदार्थ खात होते आणि त्यांच्या शर्टावर एक तार नव्हती. त्यांनी आधी डबीतच भरपूर घोटलं, पांढरट फेस येईपर्यंत. मग पुडीतला रस आणि इवलीशी मोहरी. घास उचलला की काड्या हवेत दोन-तीनदा गोल फिरवायचे, तार तुटायची. नात्तो मी शिकलो तो त्यांच्याकडे चोरून बघून.

घोटण्यावरून जपानात वाद घालणारे लोक आहेत. रोसांजिन या प्रसिद्ध कलावंत-खवय्याच्या नावावर तर ४२४ वेळा घोटण्याची कृती सांगतात. मी चाळीसवर थांबतो, ऑफिसला जायचं असतं.

होतं काय, तर उकडलेल्या सोयाबीनवर बॅसिलस सबटिलिस जातीचे जिवाणू सोडतात आणि साधारण ४० अंशांच्या उबेत दिवसभर ठेवतात. पूर्वी गरम दाणे भाताच्या पेंढ्यात बांधत. हे जिवाणू पेंढ्यातच असतात आणि त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. तोक्योच्या ईशान्येला मितो नावाचं शहर नात्तोसाठी प्रसिद्ध आहे, तिथे अजूनही पेंढ्याच्या जुड्यांत तो मिळतो. साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणाऱ्यांकडे मात्र हंगामात नात्तोला बंदी. साकेसाठी तांदळावर जी बुरशी वाढवतात तिच्यावर हे जिवाणू कुरघोडी करतात, म्हणून बघायला येणाऱ्या पाहुण्यांनाही आधी सांगतात, नात्तो खाऊन येऊ नका. आणि "जपानी लोक काहीही खातात" म्हणणाऱ्यांसाठी: सिक्कीम-दार्जिलिंगचा किनेमा, मणिपूरचं हवाइजार, नागालँडचं अखुनी, सगळी याच घराण्यातली. आपण पश्चिम टोकाला बसून ते ऐकलेलं नसतं, एवढंच.

गंमत म्हणजे जपानी माणूस मला "नात्तो आवडतो का" असं सहसा विचारत नाही. तो विचारतो, "नात्तो ताबेरारेमास का?" म्हणजे खाता येतो का, जमतं का. सुरुवातीला मला यात टोमणा वाटायचा. पण पोहता येतं का म्हणतात तसंच आहे ते. पाण्याची चव कशी, असं पोहणाऱ्याला कुणी विचारत नाही. सहाव्या-सातव्या वेळी माझ्या काड्या आपोआप गोल फिरल्या आणि त्या दिवशी मला दाणा पहिल्यांदा लागला: उकडलेल्या शेंगेसारखा मऊ, खमंग, शेवटी किंचित कडवट. गरम भाताबरोबर चांगला लागतो. नुसता नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही.

एक कबुलीही द्यायची आहे. आठेक महिन्यांनी पाकिटावरचं वाचता यायला लागलं, तेव्हा कळलं की त्या रसाच्या पुडीत बहुतेकदा कात्सुओ माशाचा अर्क असतो. आठ महिने "हा एकच शाकाहारी पदार्थ बघा" म्हणून मी लोकांना शिफारस करत होतो. आता पुडी बाजूला ठेवतो आणि सोया सॉस घालतो. घरी हे अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कळलं तर कळलं.

बाबांना मी तो चाखूही दिला नाही. रक्त पातळ करणाऱ्या त्यांच्या वॉरफरिनच्या गोळीशी नात्तोचं जमत नाही, त्यात के जीवनसत्त्व फार.

आई इथे आली तेव्हा तिने डबी उघडून तारा बघितल्या आणि म्हणाली, "भेंडी चिरून मग धुतली की अशीच होते. यांना कुणी सांगितलं नाही का?" मग तीन डब्यांच्या जुडीतल्या दोन तिने कढईत ओतल्या, हिंग-मोहरीची फोडणी, वर लाल तिखट. गरम झाल्यावर नात्तोचा वास चौपट होतो, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. खिडक्या उघडल्या, पंखा लावला. तिने घासभर खाल्ला, जरा विचार केला आणि म्हणाली, "चिंच पाहिजे होती."

तिसरी डबी मी तिच्यापासून लपवून ठेवली.