माझीच दुरुस्ती अडली ती रात्र

कन्नड लिपीतला मजकूर देवनागरीत उतरवणारी एक छोटी सॉफ्टवेअर लायब्ररी (इतर प्रोग्रामांत वापरायला सगळ्यांना खुला असलेला तयार कोड) मी सात वर्षं एकट्यानं सांभाळली. बेळगावात तिची गरज सांगावी लागत नाही. जमिनीची पहाणी कन्नडमध्ये येते आणि खानापूरच्या माझ्या आत्याला फक्त देवनागरी वाचता येते. दिवसा उद्यमबागेत नोकरी, रात्री हे काम. देखभाल म्हणजे कोड लिहिणं असं लोकांना वाटतं, पण बहुतेक वेळ वाचण्यातच जातो: कुठली तक्रार खरी, कुणाचा पॅच (बाहेरून आलेली दुरुस्ती) दुसरीकडे काय मोडेल. एक कंपनी ही लायब्ररी आपल्या उत्पादनात वापरते. त्यांचे 'अर्जंट' मेल येतात, दुरुस्ती आजवर एकही आली नाही. याचा मला अजून राग येतो.

गोकाकचा एक मुलगा दीड वर्ष पॅच पाठवत होता. घरी कन्नड, मराठी आमच्यासारखीच सीमेवरची. काम नेटकं. तरी नव्या आवृत्त्या प्रकाशित करायचे हक्क द्यायला माझा हात धजेना. कारण मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण. तिथंही एकटा, थकलेला सांभाळणारा होता. एका अनोळखी नावानं दोनेक वर्षं मदत करून विश्वास मिळवला, बरोबरीचे हक्क घेतले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोअर, म्हणजे चोरवाट, घुसवलं. एसएसएचनं दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनं पिच्छा पुरवला म्हणून ते उघडकीस आलं. चांगलं काम हाच तिथं सापळा होता. मग या पोराच्या चांगल्या कामाकडे मी कसं बघायचं?

शेवटी मी त्याला बेळगावला बोलावलं. जुलैच्या रविवारी तो भर पावसात एसटीनं आला आणि बसायच्या आधी आधार कार्ड टेबलावर ठेवलं. "तुम्ही विचारणार होता की, सर." मी खरंच विचारणार होतो.

दोन नियम ठरले. एक्सझेडमध्ये बॅकडोअर चालू करणारा तुकडा गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, नव्हताच, तो फक्त वाटपाच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात) होता. म्हणून टारबॉल कुणाच्याच लॅपटॉपवर बांधायचा नाही, तो गिटमधल्या कोडवरून सर्व्हरच बांधेल. आणि दुसऱ्यानं मान्य केल्याशिवाय कोडच्या मुख्य शाखेत काही जाणार नाही. माझंही.

त्याच रात्री तक्रार आली: एका जुन्या शिलालेखाच्या पाठात मध्येच नुक्त्याचा 'फ़' उमटतोय. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, दोन्ही लिप्या इस्की या जुन्या भारतीय प्रमाणाच्या क्रमानं मांडल्यात, त्यामुळे कन्नड 'क' आणि आपला 'क' यांत बरोबर ८९६ घरांचं अंतर आहे. आमचा अर्धा कोड म्हणजे ही एक वजाबाकी, बाकी अपवाद. जुन्या कन्नडमधल्या 'ऴ' ला (खाली टिंब, साध्या ळ हून वेगळा) मात्र युनिकोडनं चुकून 'फ' असं नाव दिलंय. एकदा दिलेलं नाव तिथं बदलत नाहीत, आणि ८९६ वजा केले की नेमका 'फ़' च येतो.

मी दहा मिनिटांत अपवाद लिहिला, त्याचा 'ळ' केला आणि मंजुरीला पाठवला. वीज गेली होती, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बसलो होतो. कंपनीचा मेल येऊन पडलाच होता. पण गोकाकच्या पोरानं अडवलं.

"सर, थांबा की. ळ केला तर साध्या ळ मध्ये मिसळतंय. परत कन्नड करताना कुठला होता कसं कळणार? देवनागरीत ऴ आहे की."

आहेच. तमिळ नावं लिहिताना मी तो स्वतः वापरलाय. आदल्या रविवारी हाच बदल मी कुणाला न दाखवता प्रकाशित केला असता. दीड वर्ष मी त्याची एकेक ओळ तपासत होतो. माझ्या ओळी सात वर्षांत कुणीच तपासल्या नव्हत्या.

मी 'ऴ' केला. साडेअकराला त्यानं मान्य केलं. मग मी माझ्या पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या बदलांची यादी काढून त्याला पाठवली. त्यातले चाळीस वाचून झालेत, तीन चुका सापडल्यात.